एक माणूस, एक इंजिन, ४७ वर्षं

आधी एक कबुली. या लेखातला नायक मी नाही, पण लेखातला मूर्ख मात्र मीच आहे. नायकाकडे येतोच, पण त्याआधी आमच्या मूर्खपणाची थोडी हकिगत सांगायला हवी. ती घडली नसती तर या माणसाचं चरित्र मी कधी नीट वाचलंच नसतं.

थर्ड इयरचं सबमिशन संपलं त्या रात्री आमच्या रूममध्ये लॅपटॉपवर 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' हा २००५ सालचा चित्रपट लावला होता. नाव ऐकून विंगमधली अकरा-बारा पोरं जमली. निम्म्यांची समजूत अशी, की आपल्याकडच्या एखाद्या रेसरची गोष्ट असणार. पडद्यावर न्यूझीलंडचा एक पिकला म्हातारा दिसल्यावर चार जण उठून मेसच्या कट्ट्यावर गेले. यातला 'इंडियन' म्हणजे माणूस नव्हेच. ते अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी मोटारसायकली बनवणाऱ्या कंपनीचं नाव. म्हातारा म्हणजे बर्ट मन्रो, आणि त्याची गाडी १९२० सालची इंडियन स्काऊट. राहिलेले आम्ही मात्र शेवटपर्यंत जागचे हललो नाही.

चित्रपट संपला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि माझ्या रूम पार्टनरच्या डोक्यात किडा शिरला होता. त्याच्याकडे साडेतीनशे सीसीची जुनी क्रूझर होती. वडिलांनी पीएफमधून पैसे काढून घेऊन दिलेली. डबलसीट घाट चढताना ती दम टाकायची. टॉर्क वाढवायचा ठरलं. म्हाताऱ्याने टिनाच्या डब्यात पिस्टन ओतले, मग मेकॅनिकलला तीन वर्षं घासलेल्या आम्हाला सिलिंडर बोअर करून घेणं काय अवघड? ७० मिलिमीटरचा बोअर ७३ केला तर क्षेत्रफळ जवळजवळ ९ टक्क्यांनी वाढतं, स्ट्रोक तोच, म्हणजे टॉर्कही साधारण तेवढाच वाढेल. हे गणित मीच मांडलं. वहीच्या मागच्या पानावर, मोठ्या ऐटीत.

साडेसहा हजार खर्च झाले. एका लेथवाल्याकडून बोअरिंग करून घेतलं, दुसऱ्याच गाडीचा पिस्टन मिळवला आणि रविवारी सकाळी निघालो. खंबाटकी घाटाच्या मध्यावर इंजिनाने एकदा करकरून आवाज केला, मागचं चाक जागच्या जागी जाम झालं आणि आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला खडीवर. नशिबाने मागे ट्रक नव्हता. कोपर-गुडघ्यांवर निभावलं.

गाडी टेम्पोत घालून आणली. पार्टनर आठ दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. वर्कशॉपच्या मामांनी सिलिंडर हातात घेतला, आतून गेज लावला, मायक्रोमीटरने पिस्टन मोजला आणि एकच विचारलं, की बसवताना हे मोजलं कोणी होतं? कोणीच नव्हतं. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात जेवढी फट हवी, त्याच्या निम्मीच होती. अॅल्युमिनियम तापलं की ओतीव लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावतं, हे आम्ही परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले. घाटात ते प्रत्यक्ष घडलं एवढंच.

मग मी मन्रोबद्दल नीट वाचायला घेतलं. खरं सांगायचं तर खुन्नस म्हणून. त्या म्हाताऱ्याचं जमलं आणि आपलं का नाही, हे मला बघायचं होतं.

हर्बर्ट जेम्स मन्रो २५ मार्च १८९९ रोजी न्यूझीलंडच्या अगदी दक्षिण टोकाला जन्मला आणि इन्व्हरकार्गिल शहराजवळच्या एडनडेल गावी वाढला. जुळ्यांपैकी हा एक. बरोबरची बहीण जन्मतःच गेली. घर शेतकऱ्याचं. आसपास रेसिंगचा गंधही नाही. पण पोराला वेगाचं वेड उपजतच होतं. १९१५ च्या सुमारास पहिली मोटारसायकल आली, मग दुसरी, आणि १९२० साली आली इंडियन स्काऊट. इंजिन नंबर ५०आर६२७. हा नंबर लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट या एकाच इंजिनाची आहे.

गाडी कशी होती? व्ही-ट्विन इंजिन, ६०० सीसीच्या आसपास, साइड व्हॉल्व्ह, तीन गिअर. कमाल वेग ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटर. त्या काळी चांगलीच. पण मन्रोला पुरेना. १९२६ पासून त्याने तिच्यात हात घालायला सुरुवात केली. मधल्या काळात ऑस्ट्रेलियात जाऊन शर्यती केल्या, जागतिक मंदी आली तेव्हा परत वडिलांच्या शेतावर आला आणि पुढे मोटारसायकलींचा विक्रेता आणि मेकॅनिक म्हणून नोकरीला लागला. दिवसा नोकरी, रात्री आपली गाडी. कित्येकदा रात्रभर काम करून सकाळी तसाच कामावर. सबमिशनच्या आदल्या रात्रीची नाइट आपण वर्षातून दोनदा मारतो. याची नाइट कित्येक वर्षं चालू होती.

आता थोडं थर्मो. कंटाळू नका, सिव्हिल आणि कॉम्प्युटरवाल्यांनाही कळेल असं सांगतो. चार-स्ट्रोक इंजिनाचा टॉर्क दोनच गोष्टींवर ठरतो: पिस्टनवरचा सरासरी परिणामी दाब आणि इंजिनाची घनक्षमता. दोघांचा गुणाकार करून ४π ने भागा, टॉर्क मिळाला. ३५० सीसी आणि १० बार धरले तर उत्तर येतं सुमारे २८ न्यूटन-मीटर. म्हणजे टॉर्क वाढवायचा तर एक तर सीसी वाढवा, नाही तर दाब. तिसरा रस्ता नाही. आणि पॉवर म्हणजे हा टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग.

मन्रो दोन्ही रस्त्यांनी गेला. सीसी वाढत वाढत १९६२ मध्ये ८५० आणि १९६७ मध्ये ९५० च्या घरात पोचले. पण खरी मेहनत दाबाच्या बाजूला होती. साइड व्हॉल्व्ह इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी असतात. हवा बाजूच्या कप्प्यातून वळसा घेऊन पिस्टनवर येते. कॉम्प्रेशन वाढवायला जागा कमी करावी, तर हवेची वाटच चिंचोळी होते. एक धरलं की दुसरं सुटतं. मन्रोने ही रचनाच बदलली. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर नेले, म्हणजे ओव्हरहेड व्हॉल्व्ह केले, आणि मूळच्या दोन कॅमच्या जागी चार कॅमची मांडणी स्वतः बसवली. इंजिनाला मोकळा श्वास मिळाला.

पण इथेच खरी मेख आहे. इंजिन म्हणजे जुनं धोतर. एका जागी ठिगळ लावलं की शेजारचं कापड फाटतं. दाब वाढला की तो पहिला बसतो पिस्टनच्या माथ्यावर. ७० मिलिमीटरचा पिस्टन घ्या आणि स्फोटाच्या क्षणी ४० बार दाब धरा: सुमारे दीड टन भार होतो, आणि तो मिनिटाला हजारो वेळा. पिस्टन टिकला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. रॉड भक्कम केला तर बेअरिंग जातं. बेअरिंग सुधारलं तर तेल पुरत नाही. तेलाची सोय केली की क्लच घसरतो. मन्रोने यातला एकेक भाग बनवला, मोडेपर्यंत पळवला, का मोडला ते पाहिलं आणि पुन्हा बनवला. पिस्टन त्याने जुन्या डब्यांचे साचे करून ओतले. सिलिंडरचे बॅरल ओतीव लोखंडाच्या गॅसच्या पाइपातून काढले. कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या अॅक्सलच्या पोलादातून हाताने घडवले. फ्लायव्हील, वंगणाची व्यवस्था, सगळं घरचं. मोडलेले पिस्टन, रॉड वगैरे त्याने फेकले नाहीत. शेल्फवर मांडून ठेवले आणि वर लिहिलं, की हा वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य आहे. तो शेल्फ म्हणजे माझ्या मते त्याचं जर्नल होतं. फरक इतकाच, की आपलं जर्नल मागच्या बॅचवरून उतरवलेलं असतं.

सुटे भाग विकत का घेतले नाहीत? एक तर पैसे नव्हते. आणि दुसरं म्हणजे घेणार कुठून? इंडियन कंपनीच १९५३ साली बंद पडली. (नाव पुढे पुन्हा बाजारात आलं, ती गोष्ट वेगळी.) म्हणजे ज्यांनी ही गाडी बनवली त्यांनी दुकान गुंडाळलं, पण जगाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस त्यांच्या गाडीचं डिझाइन पुढे नेत होता. पगार नाही, प्रमोशन नाही, विचारणारं कोणी नाही.

एक गोष्ट वाचून मी थांबलो. मन्रोचा मायक्रोमीटर म्हणजे चाकाची एक जुनी तार होती, असं सांगतात. चित्रपट पाहून आम्हाला यात जुगाड दिसला होता. मामांच्या टेबलासमोर उभं राहून आल्यावर वेगळंच दिसलं. त्याच्याकडे चांगलं मोजमाप साधन नव्हतं, तरी तो मोजत होता. आमच्या कॉलेजात मायक्रोमीटर कपाटात होते आणि आम्ही मोजलं नाही. जुगाड आणि निष्काळजीपणा या दोन गोष्टी लांबून सारख्याच दिसतात, एवढंच.

असो. १९४० साली त्याने ताशी १२०.८ मैलांचा न्यूझीलंडचा रस्त्यावरचा विक्रम केला. १९५७ मध्ये ताशी १३१.३८ मैलांचा, समुद्रकिनाऱ्यावरचा. त्याचा सरावाचा किनारा इन्व्हरकार्गिलजवळचा ओरेटी बीच. याच गाडीबरोबर एक १९३६ ची व्हेलोसेट पण तो असाच छळत असे. पण मूळ प्रेम स्काऊटवर.

या सगळ्याची किंमत काय? चित्रपट इथे फार थांबत नाही, म्हणून मी थांबतो. १९२७ साली त्याचं लग्न झालं होतं. पत्नी फ्लॉरेन्स बेरिल, चार मुलं. १९४७ मध्ये घटस्फोट झाला. नंतर त्याने नोकरीही सोडली आणि गॅरेजवजा एका खोलीत गाडीसोबत राहू लागला. रात्र-रात्र इंजिनात डोकं घालणाऱ्या माणसाच्या घरात बायको-मुलांच्या वाट्याला काय येत असेल, हे वेगळं सांगायला नको. त्याची पूजा करताना हा हिशोब आपण विसरू नये असं मला वाटतं. घाटातून परत येताना टेम्पोत पार्टनर वडिलांना काय सांगायचं याचा विचार करत होता. माझ्या डोक्यात तेव्हाही पिस्टनच होता.

अमेरिकेत यूटा राज्यात बॉनव्हिल नावाचं मिठाचं अफाट सपाट मैदान आहे. वेगाचे विक्रम तिथे होतात. मन्रो तिथे एकूण दहा वेळा गेला. पहिल्यांदा नुसता बघायला, नंतर नऊ वेळा गाडी पळवायला. चित्रपटात या फेऱ्यांची एकच फेरी केली आहे. खरं आयुष्य जास्त चिवट होतं. १९६२ साली, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्याने ८८३ सीसीच्या गटात ताशी जवळपास १७९ मैलांचा विक्रम केला. १९६६ मध्ये १००० सीसीच्या गटात १६८.०७ मैल. आणि १९६७ मध्ये, ६८ व्या वर्षी, १००० सीसीखालच्या गटात १८३.५९ मैल. त्याच वर्षी पात्रता फेरीत गाडीने ताशी १९०.०७ मैल गाठले, म्हणजे सुमारे ३०६ किलोमीटर.

आता जरा गणित करा. हवेला कापायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ८९ किलोमीटरचे २९५ झाले म्हणजे वेग ३.३ पट. घन केला तर ३६ पट पॉवर! आणि सीसी वाढले किती? फक्त १.६ पट. बाकीचं अंतर कुठून भरून निघालं? थोडं वाढलेल्या दाबातून, थोडं इंजिनाच्या वाढलेल्या फेऱ्यांतून आणि खूपसं गाडीवर चढवलेल्या माशासारख्या निमुळत्या कवचातून, ज्यामुळे हवेचा अडथळाच कमी झाला. नुसता बोअर वाढवून वाघ मारायला निघालेल्या माझ्यासारख्याने हे गणित वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं.

आणि हे सगळं सुरक्षित होतं असं समजू नका. १९६७ मध्येच एका धावेत अर्ध्याच्या पुढे गाडी हेलकावे खाऊ लागली. वेग कमी करायला तो कवचातून वर उठून बसला, तर वाऱ्याने गॉगल उडवून नेला. डोळ्यांपुढे काही दिसेना. मार्ग सोडून भरकटलेली गाडी एका लोखंडी खुंटीला थोडक्यात चुकली. शेवटी त्याने ती आडवी पाडली. किरकोळ खरचटण्यावर निभावलं. आमची खडी आठवली आणि अंगावर काटा आला.

हृदयाचा त्रास त्याला होताच. १९७७ मध्ये अर्धांगवायूचा झटका आला. हातापायांतली ताकद गेल्यावर त्याने दोन्ही गाड्या इन्व्हरकार्गिलच्याच एका व्यापाऱ्याला विकल्या, कारण त्या आपल्या मुलखातच राहाव्यात अशी त्याची इच्छा होती. ६ जानेवारी १९७८ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी तो गेला. २००६ पासून तिकडे त्याच्या नावाने मोटारसायकलींच्या स्पर्धा भरू लागल्या.

पण माझ्या मते त्याच्या गोष्टीचा सगळ्यात सुंदर प्रसंग तो गेल्यावर ३६ वर्षांनी घडला. त्याचा मुलगा जॉन याच्या लक्षात आलं, की १९६७ च्या विक्रमाचा आकडा काढताना हिशोबात चूक झाली आहे. अमेरिकन मोटारसायकल असोसिएशनने तपासलं आणि २०१४ साली आकडा दुरुस्त केला: १८३.५९ नव्हे, १८४.०८७ मैल. अर्ध्या मैलाचा फरक. बापाने आयुष्यभर धातू मोजला, आणि ज्या घरातून तो दूर गेला त्याच घरातल्या मुलाने शेवटी बापाचं मोजमाप तपासून दिलं. हे वाचलं त्या रात्री मी उठून पार्टनरच्या कॉटवर जाऊन बसलो आणि माफी मागितली. गणित माझं होतं, मोजायचं मी टाळलं होतं, आणि गाडी त्याच्या वडिलांची होती.

पुढचं थोडक्यात. मामांनी आम्हाला हाताखाली घेतलं. सिलिंडरला नवी स्लीव्ह टाकून बोअर परत मूळ मापाचा केला. या वेळी प्रत्येक माप तीनदा घेतलं, तीन ठिकाणी, आणि वहीत लिहिलं. टॉर्क वाढवायचा नाद तूर्त सोडला. व्हॉल्व्ह नीट घासून बसवले, कार्ब्युरेटर साफ केला, टायमिंग जुळवलं, पाचशे किलोमीटर हळू चालवून रनिंग-इन केलं आणि गाडी घाट डबलसीट चढली. विशेष दम न लागता! जो टॉर्क आम्ही बाहेरून विकत आणायला निघालो होतो, त्यातला बराचसा गाडीतच होता. आमच्या आळसाने दाबून ठेवलेला. या सगळ्याचा खर्च मी शिकवण्या घेऊन चार महिन्यांत फेडला. पार्टनरने वडिलांना फोनवर सगळं खरं खरं सांगितलं. ते रागावले, मग गाडीपेक्षा आमच्या गुडघ्यांची चौकशी जास्त केली.

तो करपलेला, ओरखडे पडलेला पिस्टन आमच्या रूमच्या खिडकीत ठेवला आहे. येणारा-जाणारा ज्युनियर विचारतो, हे काय? आम्ही सांगतो, नैवेद्य. मग त्याला बसवून बर्ट मन्रोची गोष्ट सांगतो. शेवटी फटीचं माप विचारतो. सांगता आलं तरच चहा.

– शेवटच्या वर्षाचा एक मेकॅनिकलवाला